बोरघाट आणि जुनी मोटार

खोपोली गाव मागे पडले की सह्याद्री एकदम समोर उभा राहतो. कोकणातून देशावर जाणाऱ्या प्रवाशाला येथे पिढ्यानपिढ्या एकच प्रश्न पडत आला: हा डोंगर चढावयाचा कशाच्या बळावर? माणसाच्या पायांनी, बैलांच्या खांद्यांनी, तट्टांच्या पाठींनी, पुढे वाफेने, विजेने आणि अखेर पेट्रोलने तो चढला गेला. प्रत्येक नव्या बळाला या घाटाने आपल्या कसोटीवर घासून पाहिले आणि त्याचे खरे मोल सांगितले. पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके म्हणजे या परीक्षेचे मंडपच होत.

बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला तो १८३० साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. १८५६ साली मुंबईकडून येणारी आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली, आणि १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र उतारूंना पालखीत बसून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील लोहमार्ग उघडला. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. एकंदर १,८३१ फुटांची उंची त्या मार्गाने गाठली, आणि त्याचा सर्वांत कठीण चढ ३७ फुटांस १ फूट इतका आहे. एवढे करूनही एकट्या इंजिनाला हा चढ जड जातो. म्हणून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जत स्थानकात जोडण्याची वहिवाट आजतागायत चालत आली आहे.

मोटारीच्या नशिबी असे कर्जत नव्हते. खोपोलीच्या शेवटच्या घरापासून खंडाळ्याच्या पहिल्या बंगल्यापर्यंत तिला स्वतःच्याच बळावर चढावे लागे. फार तर उतारू खाली उतरत आणि खांदा देत. यामुळे मुंबई-पुणे मार्गावरील मोटारवाल्यांत या घाटाविषयी एक धाक असे आणि घाटात बंद पडलेल्या गाडीचा दोष बहुधा घाटालाच दिला जाई. वास्तविक पाहता घाट मोटारीत बिघाड निर्माण करीत नसे. सपाट रस्त्यावर जो बिघाड महिनोन्‌महिने झाकून राहिलेला असे, त्याला तो उजेडात आणी. ही साधी गोष्ट ज्याला उमगली त्याला जुनी मोटार उमगली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्या काळी मोटार ‘सुरू करणे’ हे एक स्वतंत्र कर्म होते. प्रथम पेट्रोलची तोटी उघडावयाची, मग ठिणगीची वेळ लांबविणारा दांडा मागे ओढावयाचा, हवा कोंडून मिश्रण दाट करावयाचे, आणि मग गाडीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल फिरवावयाचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट फिरे आणि हँडल हातास असा तडाखा देई की मनगटाचे हाड मोडावे. म्हणून जाणते लोक शिकाऊ मुलाला पहिला धडा देत तो अंगठ्याचा: अंगठा मुठीभोवती न वळविता चारही बोटांच्या बाजूसच ठेवावा, हँडल खाली रेटू नये, खालून वर ओढावे. तसे केले म्हणजे उलट तडाखा बसताच हात आपोआप सुटून येतो.

अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर १९११ साली सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर तो बसून आला. आपल्याकडे त्याला ‘सेल्फ’ हे सुटसुटीत नाव मिळाले. परंतु सेल्फ आला म्हणून हँडल लगेच गेले नाही. कित्येक गाड्यांच्या पुढच्या पत्र्यात त्यासाठी ठेवलेले भोक पुढे अनेक वर्षे तसेच राहिले. त्यामागे जुन्या सवयीइतकेच एक शहाणपणही होते. हँडल फिरविणाऱ्याच्या हाताला इंजिनाची प्रकृती कळे. चार सिलिंडरांचे इंजिन सावकाश फिरविले की दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला सारखा विरोध जाणवला पाहिजे. त्यांपैकी एखादा विरोध मऊ लागला, तर त्या सिलिंडरची झडप नीट मिटत नाही किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत, हे इंजिन न उघडताच समजे. वैद्य नाडी पाहतो, त्यातलाच हा प्रकार होता.

नाडीपरीक्षेची ही उपमा वरवरची नाही. जुनी मोटार सुरू होईना म्हणजे अननुभवी माणूस एकाच वेळी दहा ठिकाणी हात घाली: प्लग काढी, पेट्रोलची नळी फुंकी, तारा हलवी, स्क्रू पिळी. त्यातून कधी कधी गाडी सुरू होई. परंतु नेमके कशाने सुरू झाली हे न कळल्यामुळे दुसऱ्या दिवशी तीच गत. शिवाय जे स्क्रू नीट होते तेही बिघडून बसत. पोक्त मिस्त्रीची रीत याच्या अगदी उलट होती. इंजिनाला चालण्यासाठी चार गोष्टी लागतात: त्याला फिरविणारे बळ, योग्य वेळी पडणारी ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारे घट्ट सिलिंडर. यांपैकी काय आहे हे आधी निश्चित करावयाचे, म्हणजे काय नाही ते आपोआप उरते. आणि हात घालावयाचा तो एका वेळी एकाच ठिकाणी. ज्यांनी तर्कशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते अशा माणसांनी ही शिस्त गॅरेजच्या तेलकट फरशीवर पाळली.

तिचा क्रम मोठा सुरेख आहे. गाडीचे पुढचे दिवे लावावे आणि सेल्फ दाबावा. दिवे अगदी मंदावले आणि इंजिन जेमतेम कण्हले, तर बॅटरी उतरली आहे. दिवे एकदम विझले, तर बॅटरीच्या टोकांशी सांधा सैल किंवा गंजलेला आहे. तेथे साचलेला पांढरा-हिरवट क्षार गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावा, टोक घासून घट्ट करावे आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवावा. दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले आणि इंजिन मात्र हलले नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही; दोष स्विचात किंवा प्रत्यक्ष सेल्फमध्ये आहे. एवढ्या एका प्रयोगात, एकही हत्यार न उचलता, तीन रोग वेगळे होतात.

इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, असे असेल तर पाळी ठिणगीची. प्लगवरची तार काढून, सांडलेल्या पेट्रोलपासून दूर आहोत याची खात्री करून, तिचे टोक कोरड्या लाकडी चिमट्याने इंजिनाच्या धातूपासून पाव इंचावर धरावे आणि इंजिन फिरवावे. निळी, खणखणीत ठिणगी उडाली तर विजेचे खाते निर्दोष. पिवळसर, दुबळी उडाली किंवा उडालीच नाही, तर मागे मागे जात डिस्ट्रिब्यूटरचे झाकण, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉईल तपासावी. ठिणगी ठीक असेल तर मग पेट्रोल. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाही. ओलाचिंब निघाला आणि पेट्रोलचा भपकारा आला, तर ते गरजेपेक्षा जास्त आले आहे. या दुसऱ्या स्थितीत पुन्हा पुन्हा चोक ओढणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणे होय. चोक पूर्ण मागे सारून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून इंजिन फिरविले की आत जादा हवा जाते आणि सिलिंडर कोरडे होतात. कर्जत-खालापुराकडील हिवाळा असा कडक नसतोच की तेथे चोकचा फार उपयोग पडावा.

ठिणगीचे नाव निघाले म्हणजे खोपोलीची एक विलक्षण गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र याच गावी सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पाणी प्रचंड नळांतून सतराशे फुटांच्या आसपास खाली कोसळत येते आणि त्याच्या जोरावर निर्माण झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे केंद्र उभे राहिले. ज्या पायथ्याशी अवघ्या मुंबईला पुरविण्याची वीज तयार होत होती, त्याच पायथ्याशी एखादी मोटार केसाएवढ्या ठिणगीवाचून ताटकळत उभी असे. वीज किती आहे याला महत्त्व नाही, ती नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी पोहोचली पाहिजे, हे या दृश्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसले असेल.

तो नेमका क्षण जुन्या मोटारीत ठरत असे पॉइंटांवर. डिस्ट्रिब्यूटरमध्ये धातूच्या दोन लहान टिकल्या एकमेकींना भिडतात आणि सुटतात. त्या सुटल्या की कॉईलमध्ये उच्च दाबाची वीज उत्पन्न होऊन ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर या टिकल्या सेकंदाला १०० वेळा सुटतात. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यामधील फट असते सुमारे एका इंचाच्या हजार भागांपैकी १५ भाग. ही हालचाल होते ती फिरत्या दांड्यावर घासणाऱ्या एका इवल्याशा टाचेमुळे. त्या दांड्यावर ग्रीसचा पुसट हात नसेल तर टाच झिजते. टाच झिजली की फट कमी होते. फट कमी झाली की ठिणगी किंचित उशिरा पडते.

आता या किंचित उशिराचा प्रवास पाहावा. मुंबईच्या सपाट रस्त्यावर त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी थोडी सुस्त झाली आहे, पेट्रोल थोडे अधिक खाते आहे, एवढेच. पनवेल गेले, चौक गेले, खालापूर गेले, तरी सारे आलबेल. मग खोपोलीचा चढ सुरू होतो. गाडी खालच्या गिअरवर, संथ वेगाने, पूर्ण ताकद लावून चढू लागते. वेग कमी म्हणून रेडिएटरवर वारा कमी. आणि ठिणगी उशिरा पडत असल्यामुळे जळणाऱ्या मिश्रणातील जी उष्णता दट्ट्याला रेटण्यात खर्ची पडावयाची ती सिलिंडरच्या भिंतींत आणि धुराच्या मार्गात उतरते. त्यातच पंख्याचा पट्टा ढिला असला आणि विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसलेला असला, तर दोन-तीन वळणांतच बॉनेटमधून वाफेचा लोट उठतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गाडी घाटाने उकळली. खरे तर ती उकळली मुंबईत न लावलेल्या ग्रीसच्या एका ठिपक्याने आणि न ताणलेल्या एका पट्ट्याने.

अशा वेळी रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडणे हा सर्वांत घातक उपाय. कोंडलेली वाफ आणि उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतले तर धातूला तडा जाण्याचा संभव असतो. इंजिन आपोआप निवू द्यावे, मग जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे, आणि इंजिन सुरू ठेवून पाणी थोडे थोडे ओतावे. पाण्याचा डबा बरोबर घेतल्यावाचून घाट चढू नये, हा जुन्या मोटारवाल्यांचा दंडक याच अनुभवातून आला.

उन्हाळ्यात आणखी एक विकार उद्भवे आणि तो नवख्याला हमखास फसवी. चैत्र-वैशाखात घाट चढता चढता गाडी आचके देऊन थांबे. पाहावे तो पाणी ठीक, ठिणगी निळी, टाकीत पेट्रोल भरपूर, आणि तरीही कार्ब्युरेटर कोरडा! याचे कारण पेट्रोलच्या स्वभावात आहे. त्यातील हलके घटक अगदी थोड्या उष्णतेनेही उकळू लागतात. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते. पंपाने ओढ घेतली की तेथील दाब कमी होऊन ही वाफ अधिकच फुगते. पंप द्रव उचलण्यासाठी बनविलेला. वाफ त्याला पकडता येत नाही. यावर घाटातल्या ड्रायव्हरांनी काढलेला तोडगा म्हणजे ओले फडके. पंपावर आणि नळीवर भिजविलेला कपडा टाकावयाचा, दहा-पंधरा मिनिटे थांबावयाचे, आणि गाडी सुरू होते. पुढील काळात मुंबईच्या फियाट-पद्मिनी टॅक्सींच्या पंपांवर ओले फडके गुंडाळलेले दिसे, ते याच विद्येचे. पाणी सुकताना उष्णता शोषते, हे ज्ञान माठाच्या रूपाने आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार होतेच. मोटारीवर ते प्रथम कोणी लावले, त्याचे नाव इतिहासात नाही.

घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखविली आणि तिचे मोल म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्याचा प्राण घेण्यात आला, असे लोक सांगतात. त्या शिंगरोबापाशी थांबून नारळ किंवा नाणे वाहण्याची गाडीवानांची चाल मोटारड्रायव्हरांनीही उचलली. भाविकाने ती भावाने पाळावी. परंतु त्या थांब्याने इंजिनालाही क्षणभर विसावा मिळे, तापमान उतरे, आणि ड्रायव्हरला चाकांवर, पट्ट्यावर, पाण्यावर नजर टाकण्यास सवड होई, हा लाभ काही थोडा नव्हे.

उन्हाळ्यात उष्णतेने जे होते, ते पावसाळ्यात ओलाव्याने. कर्जत-खालापूर भागात वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. आषाढात रात्रभर बाहेर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ जोरात फिरूनही पेटत नाही, याचे कारण बहुधा डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या आत धरलेले दव असते. हजारो व्होल्टची वीज प्लगमधील हवेची फट ओलांडण्याचे कष्ट कशाला घेईल? ओल्या झाकणावरून किंवा तडकलेल्या तारेतून तिला इंजिनाच्या धातूकडे सोपी वाट मिळते आणि ती तिकडून पसार होते. झाकण काढून कोरड्या कपड्याने पुसणे, तारा पुसणे, एवढाच त्यावर इलाज. मात्र झाकणात बारीक काळी रेघ दिसली तर ती विजेने जाळून पाडलेली वाट समजावी. ते झाकण बदलल्यावाचून गत्यंतर नाही. कारण एकदा सवयीची झालेली वाट वीज सोडत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या सर्वांहून निराळीच अडचण उभी राहिली. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि अनेक बसगाड्या व मालमोटारी कोळशाच्या वायूवर चालविण्यात आल्या. गाडीच्या पाठीशी किंवा बाजूस एक उंच भट्टी बसवीत. तीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जळून ज्वलनशील वायू तयार होई आणि तो गाळून इंजिनात सोडीत. ही गाडी सुरू करणे म्हणजे चूल पेटविणेच होते. आधी भट्टीला वारा घालून वायू पेटण्याजोगा होईपर्यंत थांबावयाचे, आणि शक्य तर थोड्या पेट्रोलवर इंजिन सुरू करून मग वायूवर घ्यावयाचे. शक्ती एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक घटे. चढावर ती घट फार जाणवे. गाळणीत काजळी साचली की इंजिन गुदमरे, आणि वायू विषारी असल्यामुळे बंद जागेत माणूसही. या कोळशाची आठवण काढताना सह्याद्रीच्या या पट्ट्यातील कातकरी समाजाचे स्मरण होणे उचित आहे. खैराचा कात काढण्यावरून ज्यांना नाव मिळाले त्या लोकांतील कित्येकांच्या वाट्याला पुढे जंगलातील कोळसाभट्ट्यांवरची मजुरी आली. मोटारीच्या इतिहासात मालकांची व कंपन्यांची नावे येतात. जंगलात धुराने डोळे लाल करून घेणाऱ्यांची येत नाहीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास मोटार येथेच तयार होऊ लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे याच कारखान्यात फियाट तयार होऊ लागली आणि तिचीच नंतरची आवृत्ती ‘पद्मिनी’ या नावाने घरोघर माहीत झाली. १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे तिचे इंजिन ज्याच्या हातास बसले तो मुंबई-पुणे मार्गावर कोठेही उपाशी राहिला नसता. वर सांगितलेले सारे शास्त्र, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, ओले फडके, जुन्या मिस्त्रीकडून शिकाऊ मुलाकडे जात राहिले ते प्रामुख्याने या गाडीच्या बॉनेटखाली.

हे शिक्षण होते कानाचे आणि हाताचे. सेल्फचा ‘टक्‌’ असा एकच आवाज आणि ‘टक्‌टक्‌टक्‌’ अशी घाई यांत भेद काय. धूर काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे तेल जळते आणि दाट पांढरा, न विरणारा म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरते, हे मुलाला एका वाक्यात सांगता येते. परंतु ओळखता येण्यास वर्षे लागतात. त्याच मुलावर क्लीनर म्हणून घाटात मालकाचा राग निघे. ज्या गाडीची देखभाल पैसे वाचविण्यासाठी सहा महिने पुढे ढकललेली असे, ती बंद पडली की पाणी कमी भरले म्हणून बोलणी खाई तो पोरगा. बिघाडाचे मूळ शोधण्याच्या विद्येत हा न्यायाचाही प्रश्न गुंतलेला आहे. कारण खोटे सापडले की दोष निरपराधावर बसतो, आणि खरा दोष मोकळा राहून पुन्हा घात करतो.

म्हणून जुन्या मोटारीची खरी सेवा म्हणजे प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी आणि महिन्याच्या ठरल्या दिवशी केलेले निरस काम. बॅटरीतील पाण्याची पातळी पाहून शुद्ध केलेलेच पाणी घालणे. प्लग घासून त्याची फट इंचाच्या हजार भागांपैकी सुमारे २५ भागांवर आणणे. पॉइंट साफ करून फट मोजणे. हवेची गाळणी झटकणे. तेल वेळेवर बदलणे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहणे, तो अर्ध्या-पाऊण इंचाहून अधिक दबला तर ताणणे. पावसाळ्यापूर्वी तारा तपासणे. आणि ब्रेक पाहणे. ब्रेकांचे महत्त्व घाट उतरताना कळते. ज्या गिअरवर घाट चढला त्याच गिअरवर तो उतरावा, म्हणजे गाडी आवरण्याचे काम इंजिन करते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. यांपैकी एकाही कामात पराक्रम नाही, आणि घाटमाथ्यावर सुखरूप पोहोचलेल्या प्रवाशाला त्यांची आठवणही होत नाही. देखभालीचे यश असेच अदृश्य असते.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि नव्या गाड्या खालापूरच्या नाक्यावरून घाट असा चढू लागल्या की कित्येकांना तो लागल्याचे भानही राहत नाही. पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली, कार्ब्युरेटर गेले, पंप टाकीत बसले आणि दाबाखाली येणाऱ्या पेट्रोलची वाफ होण्याचे भय जवळजवळ नाहीसे झाले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. जुन्या गाड्या आता हौशी लोकांच्या घरी उरल्या आहेत आणि त्यांना नव्या अडचणी आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्यामुळे जुन्या रबरी नळ्या व पडदे लवकर खराब होऊ शकतात. आणि इथेनॉल ओलावा शोषीत असल्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी व गंज साठण्याचा संभव वाढतो. नळ्या नव्या प्रकारच्या घालणे, टाकी फार काळ तशीच न ठेवणे आणि गाडी नियमाने चालविणे, हाच त्यावर उपाय. रोग नवा असला तरी निदानाची रीत तीच: जे आहे ते एकेक करून निश्चित करावे, म्हणजे जे नाही ते सापडते.

खोपोलीहून जुना रस्ता आजही घाटात शिरतो. शिंगरोबापाशी आजही एखादी गाडी थांबते. बॉनेट उघडलेली जुनी मोटार तेथे दिसली, तर तिच्या धन्याने घाटाकडे रागाने पाहण्याचे कारण नाही. जे घरी पाहावयाचे राहिले होते, तेवढेच घाटाने त्याला दाखविले आहे. तेथे ओळखलेला दोष पुढच्या महिन्याच्या ठरल्या दिवशी विसरला गेला नाही, म्हणजे घाटाने घेतलेली परीक्षा वाया गेली नाही.